हक्क, मर्जी आणि मुदत : इंग्लंडमधील घरफेरफार-अनुदान व वादग्रस्त बांधकाम-परवानग्या यांचा एकत्र विचार

सन १९४८ च्या जुलै महिन्याच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये दोन कायदे अवघ्या चार दिवसांच्या अंतराने अमलात आले. गुरुवार, दिनांक १ जुलै रोजी १९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा लागू झाला आणि सोमवार, दिनांक ५ जुलै रोजी राष्ट्रीय साहाय्य कायदा लागू झाला. पहिल्या कायद्याने आपल्या जमिनीवर हवे तसे बांधकाम करण्याचा मालकाचा पूर्वापार अधिकार काढून घेतला; दुसऱ्याने शतकानुशतके चालत आलेल्या दरिद्री-कायद्याचे उरलेसुरले अवशेष पुसून टाकले. पहिल्याचा अभ्यास नगररचनेचे इतिहासकार करतात, दुसऱ्याचा कल्याणकारी राज्याचे. आणि दोघांची गाठ सहसा पडत नाही. वस्तुतः दोन्ही कायद्यांच्या पोटी जे शासकीय निर्णय जन्माला आले त्यांचा विषय एकच होता, तो म्हणजे घर. घर बांधू द्यावे की नाही हा एक प्रश्न. बांधलेल्या घरात राहणाऱ्या अपंग माणसाला न्हाणीघरापर्यंत पोहोचता यावे म्हणून सरकारने खर्च करावा की नाही, हा दुसरा. कालांतराने हे दोन्ही प्रश्न एकाच मंत्रालयाच्या छपराखाली आले. प्रस्तुत निबंधात ते एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या १९०९ च्या गृहनिर्माण व नगररचना कायद्यानंतर सहाच वर्षांनी, १९१५ साली, मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा त्याच धाटणीवर झाला. आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमावर १९४७ च्या इंग्रजी कायद्याची छाप ठळक आहे. म्हणजे इंग्लंडातील जोडकथेचा एक अर्धा भाग आपल्याकडे आलेला आहे. दुसरा अर्धा आला नाही. त्या गोष्टीकडे शेवटी वळू.

प्रथम १९४७ च्या कायद्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. या कायद्यानुसार 'विकास' या सदरात मोडणाऱ्या प्रत्येक कामास परवानगी आवश्यक ठरली. परवानगीमुळे जमिनीच्या किमतीत होणारी वाढ शंभर टक्के सरकारजमा करण्याची आणि हक्क गमावलेल्या मालकांसाठी ३० कोटी पौंडांचा निधी ठेवण्याची योजना होती. आकारणीचा हा भाग पाच-सहा वर्षांतच मोडीत निघाला. परवानगीचा भाग मात्र टिकला. अर्जाचा निर्णय स्थानिक संस्थेने करावा, नकार मिळाल्यास अर्जदाराने मंत्र्याकडे अपील करावे आणि मंत्र्यास वाटल्यास त्याने कोणताही अर्ज स्थानिक संस्थेकडून काढून स्वतःकडे मागवून घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. या शेवटच्या अधिकारावर कायद्याने जवळजवळ कसलेही बंधन घातले नव्हते. कोणते अर्ज मागवावेत, कोणत्या कसोटीवर, किती काळात, याविषयी कायदा मुका होता. शेजाऱ्याला तर अपिलाचा हक्कच नव्हता. परवानगी मिळाली की त्याचे म्हणणे संपले.

येथे हक्क कोणालाच नव्हता. होती ती केवळ मंत्र्याची मर्जी. ती मर्जी त्या काळात किती निःसंकोच होती याचे उदाहरण स्टीव्हनेजचे. १९४६ च्या नवनगर कायद्याखाली लंडनच्या उत्तरेस असलेल्या या लहानशा गावाच्या जागी साठ हजार वस्तीचे शहर वसवण्याचा संकल्प नियोजनमंत्री लुइस सिल्किन यांनी केला. कायदा संमत होण्यापूर्वीच, मे १९४६ मध्ये, ते गावच्या सभागृहात लोकांपुढे उभे राहिले आणि लोक हुर्यो करीत असता, योजना होणारच, असे त्यांनी बजावले. गावकऱ्यांनी त्यांच्या मोटारीच्या चाकांची हवा काढली आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवर गावाचे नाव 'सिल्किनग्राड' करून टाकले. पुढे जाहीर चौकशी झाली, योजना मंजूर झाली आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. ज्याने निकाल आधीच सांगून टाकला त्याच्यापुढची चौकशी कसली, असा गावकऱ्यांचा साधा सवाल होता. न्यायाधीशांनी १९४७ मध्ये उत्तर दिले की मंत्र्याचे काम न्यायाधीशाचे नसून निव्वळ प्रशासकीय आहे. त्याने निरीक्षकाचा अहवाल विचारात घेतला म्हणजे पुरे. त्याचे मन कोरे असले पाहिजे अशी कायद्याची अपेक्षा नाही.

दहा वर्षांत वारे फिरले. फिरण्याचे निमित्त नगररचनेबाहेरचे होते. डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाउन नावाची सुमारे सव्वासातशे एकर जमीन युद्धापूर्वी विमानदलाच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली गेली होती. गरज संपल्यावर ती मूळ कुटुंबास परत न करता शेतकी खात्याने स्वतःकडे ठेवली. त्यावर झालेल्या चौकशीतून अधिकाऱ्यांची मुजोरी बाहेर आली आणि १९५४ च्या जुलैत शेतकीमंत्री टॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. १९५५ साली नेमलेल्या फ्रँक्स समितीने १९५७ च्या अहवालात खुलेपणा, न्याय्यता व निःपक्षपातीपणा या तीन कसोट्या सांगितल्या. त्यातून निष्पन्न झालेली सुधारणा वरकरणी क्षुल्लक वाटेल. मंत्र्याला मिळणारा निरीक्षकाचा अहवाल आजवर गुप्त असे. तो १९५८ पासून पक्षकारांना मिळू लागला. परंतु या एका बदलाने सारे चित्र पालटले. निरीक्षकाने नकार सुचवला आणि मंत्र्याने होकार दिला, हे आता कागदावर दिसू लागले.

ते लगेच दिसलेही. एसेक्समधील सॅफ्रन वॉल्डनजवळ खडूच्या खाणीचा अर्ज होता. खडूची धूळ शेजारच्या शेतांना व जनावरांना बाधेल म्हणून निरीक्षकाने नकार सुचवला. मंत्र्याने मात्र चौकशी संपल्यानंतर शेतकी मंत्रालयाच्या तज्ज्ञांचा सल्ला परस्पर घेऊन परवानगी दिली. शेजारी न्यायालयात गेला तेव्हा, तू कायद्याच्या अर्थाने 'पीडित व्यक्ती' नाहीस, असे सांगून १९६० मध्ये त्याला परत पाठवण्यात आले. खटला तो हरला, पण गवगवा एवढा झाला की १९६२ च्या चौकशी-नियमांत स्पष्ट तरतूद आली. चौकशीनंतर नवा पुरावा घेऊन मंत्री निरीक्षकाशी असहमत होणार असेल, तर त्याने पक्षकारांस कळवले पाहिजे व म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे.

पुढील घडामोडी संक्षेपाने सांगता येतील. १९६८ च्या कायद्यापासून बहुतेक अपिलांचा निर्णय निरीक्षकच करू लागले आणि मंत्र्यापुढे मोजकी, मोठी व वादाची प्रकरणे राहिली. १९९० च्या कायद्याने जुन्या तरतुदी नव्याने मांडल्या. मानवी हक्कांच्या करारातील स्वतंत्र न्यायाधिकरणाचे तत्त्व पुढे करून या व्यवस्थेवरच घाला घालण्याचा प्रयत्न ॲल्कनबरी प्रकरणात झाला. तो ९ मे २००१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. धोरणाचे निर्णय संसदेस जबाबदार असणाऱ्या मंत्र्यानेच करावेत आणि न्यायालयाने त्यांची वैधता तपासावी, एवढे पुरेसे आहे, असा तो निकाल होता. मर्जी कायम राहिली, पण तिच्याभोवती कागदांचे कुंपण उभे राहिले.

आता ५ जुलैच्या कायद्याकडे वळू. राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या २९ व्या कलमाने अंध, बहिरे, मुके व अन्य कायम अपंग व्यक्तींच्या कल्याणाची व्यवस्था करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. अधिकार दिला, बंधन घातले नाही. त्यामुळे एखाद्या काउंटीत जिन्याला कठडे बसत आणि शेजारच्या काउंटीत त्याच अवस्थेतील माणूस वरच्या मजल्यावर अडकून राही.

हे बदलण्याचे श्रेय ज्याला जाते तो मँचेस्टरचा मजूर पक्षीय सभासद आल्फ मॉरिस. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतले होते. अपंगाच्या घरात दिवस कसा उजाडतो हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९६९ च्या अखेरीस खाजगी विधेयकांच्या सोडतीत त्याचा क्रमांक पहिला लागला. त्याचे दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्ती विधेयक २९ मे १९७० रोजी, म्हणजे पार्लमेंट बरखास्त झाले त्याच दिवशी, राजसंमती मिळून कायदा झाले. एक दिवस उशीर झाला असता तर ते विधेयक निवडणुकीच्या धामधुमीत बुडाले असते. या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने २९ व्या कलमातील 'करता येईल'चे 'केलेच पाहिजे' केले. गरज असल्याची स्थानिक संस्थेची खात्री झाली की, इतर गोष्टींबरोबर, त्या व्यक्तीच्या घरात फेरफार करून घेण्यास साहाय्य करणे हे तिचे कर्तव्य ठरले.

परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या मंत्रालयीन परिपत्रकात एक वाक्य शिरले. गरजेच्या कसोट्या उपलब्ध साधनसामग्री ध्यानात घेऊन स्थानिक संस्थांनीच ठरवायच्या आहेत, असा त्याचा आशय होता. कायद्याने दरवाजा उघडला आणि परिपत्रकाने उंबरठा उंच केला. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील पन्नास वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या एका वाक्याचा इतिहास आहे.

त्या वाक्याची कसोटी सत्तावीस वर्षांनी लागली. केंद्राकडून येणारा पैसा घटल्याने ग्लॉस्टरशर काउंटीने काही वृद्ध अपंगांची घरकाम व धुलाई यांची मदत काढून घेतली. माणसाची गरज तीच, शरीर तेच. बदलला होता तो काउंटीचा अंदाजपत्रकीय आकडा. मार्च १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की गरज आहे की नाही हे ठरवतानाच संस्थेने स्वतःच्या आर्थिक कुवतीचा विचार करण्यास हरकत नाही. अल्पमतातील न्यायाधीशांचा आक्षेप असा की, असे मानल्यास कर्तव्य नावापुरते उरते, कारण खिसा रिकामा झाला की गरजही नाहीशी होते. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ईस्ट ससेक्समधील आजारी मुलीच्या शिक्षणाच्या प्रकरणात याच न्यायपीठाने एकमताने भूमिका आवरती घेतली व पैशाच्या कारणाने कर्तव्याचे रूपांतर ऐच्छिक अधिकारात करता येत नाही असे म्हटले. दुसरे कलम मात्र ग्लॉस्टरशरच्या छायेतून सुटले नाही.

दरम्यान घरातील फेरफाराने वेगळी वाट धरली होती. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने घरसुधारणेची अनुदाने अपंगांच्या सोयींपर्यंत नेली. १९८९ च्या कायद्याने 'अपंग-सुविधा अनुदान' हे स्वतंत्र अनुदान निर्माण केले, आणि १९९६ च्या कायद्याने त्याला आजचे रूप दिले. या कायद्याची भाषा इतकी नेमकी आहे की ती वाचताना घराचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. घरात येणे-जाणे, बैठकीच्या खोलीपर्यंत, निजण्याच्या खोलीपर्यंत, शौचकूपापर्यंत, न्हाणीपर्यंत पोहोचणे, अन्न शिजवता येणे, दिव्याची कळ व ऊब देणारे यंत्र हाताशी असणे, आणि अपंग व्यक्तीवर ज्याचे अवलंबून आहे अशा दुसऱ्याची काळजी घेण्यासाठी घरभर हिंडता येणे. यांपैकी कोणत्याही हेतूसाठी काम 'आवश्यक व योग्य' असेल आणि घराच्या वयोमानाप्रमाणे ते 'वाजवी व व्यवहार्य' असेल तर अनुदान मंजूर झालेच पाहिजे. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमने आपली तिजोरी पुढे केली तेव्हा न्यायालयाने निर्वाळा दिला की येथे संस्थेच्या आर्थिक स्थितीला स्थान नाही. ग्लॉस्टरशरचा उंबरठा या दारात लागू होत नव्हता.

असे असता नकाराचे काम कोणी केले? ते कॅलेंडराने केले.

कायदा सांगतो की अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत निर्णय द्यावा. आणि मंजूर रकमेचा भरणा अर्जाच्या तारखेपासून फार तर बारा महिने लांबवता येईल. म्हणजे घड्याळ सुरू होते ते 'अर्ज' दाखल झाल्यावर. पण अर्ज दाखल करण्यापूर्वी चौकशीचे पत्र असते, त्यानंतर व्यवसायोपचारतज्ज्ञाची भेट, मग त्याची शिफारस, मग ऐपतीची प्राथमिक तपासणी, मग कंत्राटदारांचे अंदाज. या सर्व पायऱ्यांवर कोणतीही मुदत नाही. पैसा कमी असलेल्या संस्थेने अर्ज नाकारण्याची गरजच नसते. तिने अर्जाचा छापील नमुना उशिरा हाती दिला तरी भागते. वैधानिक सहा महिने काटेकोर पाळूनही माणूस दोन वर्षे थांबू शकतो, आणि संस्थेच्या दप्तरात विलंब शून्य दिसतो. स्थानिक शासनाच्या लोकपालाने २०१६ साली अशा फेरफारांच्या तक्रारींवर स्वतंत्र अहवाल काढला, तेव्हा विलंब हाच त्यातील एक प्रमुख दोष होता.

या पायऱ्या लांबण्यास आणखी एक कारण आहे, आणि तेही १९७० च्याच २९ मे रोजीचे. त्या दिवशी स्थानिक संस्थांच्या समाजसेवा खात्यांचा कायदाही संमत झाला व अपंगांच्या गरजा पाहण्याचे काम त्या नव्या खात्यांकडे गेले. १९७४ च्या पुनर्रचनेनंतर ग्रामीण इंग्लंडात समाजसेवा काउंटी कौन्सिलकडे आणि गृहनिर्माण डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे अशी वाटणी झाली. त्यामुळे काम 'आवश्यक व योग्य' आहे का हे सांगणारा तज्ज्ञ एका संस्थेचा नोकर आणि काम 'वाजवी व व्यवहार्य' आहे का हे ठरवून पैसे देणारा अधिकारी दुसऱ्या संस्थेचा, अशी स्थिती आली. सल्लामसलत करण्याचे बंधन कायद्यात आहे. पत्राला उत्तर किती दिवसांत द्यावे हे नाही.

पैशाची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. दीर्घकाळ केंद्र सरकार साठ टक्के व स्थानिक संस्था चाळीस टक्के असे प्रमाण होते. ते २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी इंग्लंडमधील अनुदानाची कमाल मर्यादा २५,००० वरून ३०,००० पौंड झाली, आणि बांधकामाचा खर्च सतत वाढत असता ती पुढील दीड दशकाहून अधिक काळ तेथेच राहिली. २००५ च्या अखेरीस अपंग मुलांच्या बाबतीत आईबापांच्या ऐपतीची चौकशी रद्द झाली. प्रौढांची ती चालूच राहिली, आणि तीत कुटुंबाचा घरकर्जाचा प्रत्यक्ष हप्ता जमेस धरला जात नाही, ही विसंगतीही चालू राहिली. २०१५ पासून हा पैसा आरोग्य व समाजसेवा यांच्या संयुक्त निधीतून वाहू लागला. केंद्राची तरतूद २०१५-१६ मध्ये २२ कोटी पौंड होती. ती २०१६-१७ मध्ये ३९.४ कोटी, २०१९-२० मध्ये ५०.५ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ७१.१ कोटी झाली. आकडे सुखावणारे आहेत. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही वाढ अपंगांच्या हक्काच्या नावाने आलेली नाही. रुग्णालयातील खाट लवकर मोकळी व्हावी आणि वृद्धाश्रमाचा खर्च टळावा, या हिशेबाने ती आली. दोन स्तरांच्या प्रदेशांत तर हा निधी काउंटीकडे जातो आणि कर्तव्य असते डिस्ट्रिक्टचे. पैसा एका दारी उतरतो व तेथून दुसऱ्या दारी पोहोचवावा लागतो.

आता पुन्हा मंत्र्याच्या मर्जीकडे येऊ, कारण २०१८ ते २०२१ या वर्षांत तिच्या दोन परीक्षा झाल्या आणि त्या वरील विवेचनाच्या प्रकाशात पाहण्यासारख्या आहेत.

पहिली लंडनच्या पॅडिंग्टन भागातील. रेन्झो पियानो या वास्तुविशारदाने योजलेल्या तेथील काचेच्या घनाकार इमारतीस स्थानिक संस्थेने परवानगी दिली. वारसा जतन करणाऱ्या एका संस्थेने मंत्र्याने प्रकरण मागवून घ्यावे अशी विनंती केली. मंत्र्याने कारण न देता नकार कळवला. वास्तविक, न मागवण्याचीही कारणे देऊ, असे आश्वासन सरकारने २००१ साली दिले होते. २०१४ च्या सुमारास ती प्रथा गाजावाजा न करता बंद पडली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की जाहीरपणे दिलेले वचन असे मुकाट्याने मोडता येत नाही. ज्या अधिकारावर कायद्याने बंधन घातले नव्हते त्याच्या न-वापराचीही कारणे मागता येतात, येथपर्यंत कुंपण आले.

दुसरी परीक्षा अधिक गाजली. थेम्सकाठच्या जुन्या वेस्टफेरी छापखान्याच्या जागेवर १,५२४ घरांचा प्रकल्प होता. अपिलाचा निर्णय मंत्र्याने स्वतःकडे घेतला होता, निरीक्षकाने नकार सुचवला होता. १४ जानेवारी २०२० रोजी मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी टॉवर हॅम्लेट्स या स्थानिक संस्थेचा पायाभूत सुविधांसाठीचा नवा आकार लागू व्हायचा होता. एका दिवसाच्या फरकाने विकसकाचा तीन ते पाच कोटी पौंडांचा भार वाचत होता. परवडणाऱ्या घरांचे प्रमाणही स्थानिक धोरणातील ३५ टक्क्यांऐवजी २१ टक्के मान्य झाले. मंत्री व विकसक नोव्हेंबर २०१९ मध्ये पक्षनिधीच्या एका भोजनसमारंभात शेजारी बसले होते हेही उघड झाले. स्थानिक संस्था न्यायालयात गेली. प्रत्यक्ष पक्षपात आपण केला नाही असे मंत्र्यांचे म्हणणे कायम राहिले. पण तटस्थ निरीक्षकाला पक्षपाताचा भास होईल हे मान्य करून मे २०२० मध्ये त्यांनी परवानगी रद्द होऊ दिली. प्रकरण दुसऱ्या मंत्र्याकडे गेले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी नाकारण्यात आली. स्टीव्हनेजच्या गावकऱ्यांना १९४७ मध्ये मिळालेल्या उत्तराशी हे ताडून पाहावे. कायद्याचे शब्द फारसे बदललेले नव्हते. पण निरीक्षकाचा अहवाल उघड होता, तारखा उघड होत्या, पत्रव्यवहार उघड करावा लागला.

येथे एक तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. त्या एका दिवसाच्या फरकाची किंमत, वरचा अंदाज धरल्यास, २०१९-२० च्या संपूर्ण इंग्लंडच्या घरफेरफार-निधीच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतकी होते. अर्थात ही तुलना जपून केली पाहिजे. तो आकार स्थानिक पायाभूत सुविधांचा होता. त्यातला पैसा कोणाच्या न्हाणीघरात गेला नसता. तथापि एक दिवस म्हणजे काय, याचे मोल या दोन व्यवस्थांत किती भिन्न आहे, हे त्यावरून कळते. एका बाजूस एका दिवसाचा हिशेब न्यायालयात द्यावा लागला. दुसऱ्या बाजूस वर्ष-दोन वर्षे कोणाच्याही हिशेबात धरली जात नाहीत.

इतिहाससंशोधकासाठी याचा आणखी एक परिणाम आहे. वादग्रस्त परवानग्यांचा इतिहास लिहिणे सोपे, कारण प्रत्येक प्रकरणामागे निरीक्षकाचा अहवाल, मंत्र्याचे निर्णयपत्र व बहुधा न्यायनिर्णय असतो. फेरफार-अनुदानाच्या बाबतीत मंजूर प्रकरणांची संख्या मिळते, खर्चाची रक्कम मिळते. पण जो माणूस अर्जाच्या नमुन्यापर्यंत पोहोचलाच नाही, जो दरम्यान वारला, किंवा ज्याने कंटाळून जिन्याखालच्या बैठकीतच खाट टाकली, त्याची नोंद कोठेच नसते. या विषयावरील बहुतेक लेखन आकडेवारीवर विसंबून असल्याने अनुदान मिळालेल्यांचाच इतिहास होऊन बसतो. लोकपालाचे निर्णय, स्थानिक वृत्तपत्रे व कुटुंबांच्या आठवणी यांकडे अभ्यासकांनी वळले पाहिजे, ते यासाठी.

दोन्ही व्यवस्था एका ठिकाणी प्रत्यक्ष भेटतात. पायऱ्या चढता न येणाऱ्या माणसासाठी तळमजल्यावर निजण्याची खोली व न्हाणी वाढवायची असेल तर अनुदान लागते आणि अनेकदा बांधकामाची परवानगीही. अशा अर्जास शुल्क माफ आहे. कायद्याने एवढी आठवण ठेवली आहे. पण परवानगीच्या अर्जात शेजाऱ्याला आक्षेप नोंदवता येतो, त्याचा आक्षेप छापला जातो, त्याला उत्तर द्यावे लागते. अनुदानासाठी थांबलेल्या घरमालकाच्या बाजूला मात्र तसा कोणताही कागद नसतो. भिंतीपलीकडच्या माणसाचे म्हणणे दप्तरात असते, भिंतीअलीकडच्याचे नसते.

राहता राहिला आपल्याकडचा प्रश्न. १९६६ चा महाराष्ट्र अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. त्याच्या ४७ व्या कलमाने परवानगी नाकारली गेलेल्या अर्जदारास राज्य शासनाकडे अपील दिले. शेजाऱ्यास, १९४७ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणेच, दिले नाही. १५४ व्या कलमाने नियोजन प्राधिकरणांना निदेश देण्याचा शासनाचा अधिकार राखला. म्हणजे मर्जीचा भाग आला. केंद्राच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकाम-परवानगी देऊ नये असे ४४ व्या कलमात सांगितले आणि घरवाटपाच्या योजनांत पाच टक्के जागा ३७ व्या कलमान्वये राखल्या. त्या अधिनियमाचा रोख नव्या इमारती, सार्वजनिक वास्तू व योजनांतील वाटप यांवर आहे. दादरच्या किंवा पुण्याच्या पेठेतल्या जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने उंबरा काढण्यासाठी व न्हाणीचे दार रुंद करण्यासाठी अनुदान मागावे आणि सहा महिन्यांत लेखी उत्तराची अपेक्षा धरावी, असे कलम त्यात नाही.